सारांशातून निसटलेला कर्ता : नव्या हंगामापूर्वीच्या पुनर्दर्शनाविषयी

१

दीर्घकाळ चाललेल्या कथेचा नवा हंगाम तोंडावर आला की तिचे मागचे भाग पुन्हा पाहावेत की नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी आस्वादकाच्या सोयीचा वाटतो. कोण कोणाचा कोण लागतो, कोणते वैर कोठून सुरू झाले, कोणते वचन पाळायचे राहिले आहे, एवढे ध्यानात असले म्हणजे पुढचे समजते. मग मागचे सारे पुन्हा पाहण्याचा खटाटोप कशाला, असे कोणीही विचारू शकेल. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की या प्रश्नाला एक नैतिक बाजू आहे आणि तीच अधिक महत्त्वाची आहे. कथेच्या गतभागाशी आपले नाते कोणत्या प्रकारचे असावे, आणि ते नाते बिघडले तर कोणाचे नुकसान होते, अशा स्वरूपात तो मांडता येईल.

चर्चेसाठी एक जपानी सचेतपट-मालिका घेऊ. एईचिरो ओदा यांची 'वन पीस' ही चित्रकथा जुलै १९९७ पासून 'शोनेन जम्प' या साप्ताहिकातून प्रसिद्ध होत आली. तिच्यावरील ॲनिमे मालिका ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचा हजारावा भाग प्रक्षेपित झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्मात्यांनी मुख्य कथानक काही महिन्यांसाठी थांबवले. ते एप्रिल २०२५ मध्ये पुढे सुरू झाले. परंतु मधल्या काळात, नोव्हेंबर २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत, २०११-१२ मध्ये दाखवून झालेले मत्स्यमानवांच्या बेटाचे प्रकरण नव्याने संपादित करून २१ भागांत पुन्हा दाखवण्यात आले. पुढे २०२५ मध्येच अशी घोषणा झाली की २०२६ पासून वर्षभर अखंड प्रक्षेपण न करता वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग दाखवले जातील. म्हणजे पाव शतक जी कथा आठवड्यामागून आठवडा अखंड वाहत होती तिला आता हंगाम आले, आणि हंगामांच्या मध्ये मागे वळून पाहण्याची जागाही आली.

अशा खंडाला मराठीत कधी 'पर्व' म्हणतात, कधी 'हंगाम'. पर्व हा शब्द ग्रंथाचा आहे, हंगाम हा शेताचा. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत हंगाम म्हटला की पावसातली भाताची आवणी, दिवाळीच्या आगेमागे येणारी सुगी आणि त्यानंतरची लग्नसराई डोळ्यांपुढे येते. सुगीनंतर भगत घांगळीच्या सुरावर कणसरी या धान्यदेवतेची कथा गातो, तेव्हा समोर बसलेल्या वारली कुटुंबांतील मोठ्या माणसांना ती नवी नसते. माहीत असलेली कथा पुन्हा ऐकण्याची गरज तेथे कोणाला सिद्ध करावी लागत नाही. जपानी मालिका आणि वारली परंपरा यांत प्रभावाचे नाते नाही आणि तसे ते दाखवण्याचा येथे हेतूही नाही. परंतु मालिकेतील ज्या प्रकरणाकडे निर्माते परतले त्याचा विषय गुलामी आणि तिची आठवण हा आहे. आणि डहाणू-तलासरीच्या विसाव्या शतकातील इतिहासातही हाच विषय मध्यवर्ती आहे. तेव्हा एकीकडे कथेच्या पातळीवर जे स्पष्ट दिसते ते दुसरीकडे इतिहासाच्या पातळीवर पडताळून पाहता येते.

२

गतकथेकडे परतण्याच्या रीतींसाठी मराठीत तीन शब्द हाताशी आहेत : उजळणी, सारांश आणि पारायण. उजळणी पाढ्यांची करतात. ती करणाऱ्याला काही नवे कळावे अशी अपेक्षा नसते, आहे ते पुसट होऊ नये एवढेच अभिप्रेत असते. सारांश पुढच्या सोयीसाठी असतो. 'मागील अंकावरून पुढे चालू' या ओळीखाली नियतकालिके जे चार शब्द देत आली, ते गेलेल्या प्रकरणांबद्दल काही सांगण्यासाठी नसून येणाऱ्या प्रकरणाची वाट मोकळी करण्यासाठी असत. पारायणात मात्र संहिता आरंभापासून अखेरपर्यंत, काहीही न गाळता, वाचायची असते. ते यांत्रिक होऊ शकते, आणि पुष्कळदा होते. परंतु कोणता अंश महत्त्वाचा हे आधीच ठरवून टाकण्याचा अधिकार ते वाचकाला देत नाही.

या भेदाचे मर्म महाभारताच्या आदिपर्वात दिसते. जनमेजयाच्या सर्पसत्रात, यज्ञकर्माच्या मधल्या वेळात, वैशंपायन ही कथा सांगतो. आधी तो ती संक्षेपाने सांगतो. जनमेजयाचे त्याने समाधान होत नाही. त्याला ती विस्ताराने ऐकायची असते. हा आग्रह केवळ श्रोत्याच्या कुतूहलाचा मानता येत नाही, कारण हा श्रोता एका सूडकृत्याच्या मध्यभागी बसलेला आहे. तक्षकाने परीक्षिताला दंश केला, म्हणून सर्पकुळाचा संहार चालू आहे. संक्षेपात खांडववनाचा उल्लेख येतो तो अर्जुनाने तेथे अग्नीला तृप्त केले एवढ्यापुरता. त्या वनात तक्षकाचे घर होते, त्याची पत्नी तेथे अर्जुनाच्या हातून मारली गेली, हे कळण्यासाठी विस्ताराची वाट पाहावी लागते. जनमेजयाच्या दृष्टीने वैराचा आरंभ पित्याच्या मृत्यूपाशी होतो. विस्तृत कथा तो आरंभ त्याच्या पणजोबाच्या कृतीपर्यंत मागे नेते. सत्र आस्तीकाच्या मागणीने थांबते, कथाश्रवणाने नव्हे, हे खरे आहे. तथापि ज्याला ते थांबवायचे होते त्याच्या कानांवर आधी काय पडायला हवे होते, याची जाण या चौकटीच्या रचनेत निश्चित आहे.

येथे संक्षेप खोटा आहे असे म्हणता येत नाही. अग्नी तृप्त झाला, हे सत्यच आहे. त्याने एवढेच केले की क्रियेचे एक टोक गाळले. ज्याच्यावर ती क्रिया घडली तो वाक्यात उरला नाही. सारांशाचा दोष त्याच्या आखूडपणात असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या मते तो दोष व्याकरणाचा आहे. कर्ता, कर्म आणि क्रिया या तिहींपैकी क्रियेचा परिणाम तेवढा जपून उरलेल्यांना मोकळे सोडणे ही सारांशाची प्रवृत्ती असते. आणि मोकळ्या झालेल्या जागी कोणालाही बसवता येते.

३

मत्स्यमानवांच्या बेटाचे प्रकरण या प्रवृत्तीचा जणू तपशीलवार अभ्यास आहे. समुद्रतळाशी राहणाऱ्या मत्स्यमानवांना माणसांनी दीर्घकाळ पकडून विकले आहे. फिशर टायगर हा मत्स्यमानव एकटा जगाच्या सत्ताधीशांच्या नगरीवर चढाई करतो आणि तेथील गुलामांना मुक्त करतो. मत्स्यमानव आणि माणूस असा भेद तो करीत नाही. मुक्त झालेल्यांना घेऊन तो चाचेगिरीला लागतो, परंतु माणसांचा जीव घेऊ नये असा दंडक घालतो. पुढे कोआला नावाच्या एका मानवी मुलीला, जी स्वतः गुलाम होती, तिच्या गावी पोहोचवायला तो जातो. गावकरी नौदलाला खबर देतात आणि परतीच्या वाटेवर त्याला गोळ्या घातल्या जातात. त्याचे सोबती नौदलाचे एक जहाज काबीज करतात. त्यावर माणसांचे रक्त साठवलेले असते, ते त्याला चालण्यासारखेही असते. पण तो ते नाकारतो. आपणही गुलाम होतो हे तो त्या वेळी प्रथमच सांगतो. माणसांत भले लोक आहेत हे बुद्धीला पटते, मनात बसलेला द्वेष मात्र ते रक्त घेऊ देत नाही, अशी त्याची कबुली आहे. हा द्वेष बेटावरील पुढच्या पिढीला द्यायचा नाही, म्हणून घडलेले तेथे सांगू नका, अशी विनवणी करून तो मरतो.

यानंतर त्याचा सोबती अर्लाँग नौदलाच्या हाती सापडतो आणि टायगरच्या मृत्यूचे कारण सांगतो : माणसांनी रक्त द्यायला नकार दिला म्हणून तो मेला. या विधानात किती बदल झाला आहे ते पाहण्यासारखे आहे. रक्ताची गरज होती, ते मिळाले नाही, मृत्यू आला, हा सगळा क्रम जसाच्या तसा आहे. नकार हा शब्ददेखील खरा आहे. बदलला आहे तो नकाराचा कर्ता. ज्या मृत्यूत द्वेषाने स्वतःचाच घात केला होता, तो मृत्यू या एका बदलाने द्वेषाचे प्रमाणपत्र ठरतो.

ओतोहिमे राणीच्या बाबतीत हाच डाव पुन्हा, अधिक उघडपणे, खेळला जातो. माणसांसह जमिनीवर राहण्यासाठी ती बेटवासीयांच्या सह्या गोळा करीत असते. हॉडी जोन्स हा मत्स्यमानव तिला ठार करतो आणि एका मानवी चाच्याचे प्रेत खुनी म्हणून पुढे ठेवतो. येथेही परिणाम तोच राहिला आहे आणि कर्ता बदलला आहे. पुढे हॉडीला विचारले जाते की माणसांनी तुझे नेमके काय केले होते, तेव्हा सांगण्यासारखे काहीही त्याच्यापाशी नसते. आधीच्या पिढीची गुलामी त्याच्या वाट्याला आलेली नाही, तिच्या प्रसंगांचेही त्याला ज्ञान नाही. त्याच्यापर्यंत पोहोचला तो फक्त निष्कर्ष. प्रसंगांवाचून मिळालेल्या निष्कर्षाला मर्यादा नसते, कारण तो कोणत्या कृतीला लागू आहे आणि कोणत्या नाही हे ठरवण्याचे साधनच त्याच्याबरोबर आलेले नसते.

याच्या उलट बाजूस नामी उभी आहे. अर्लाँगने तिच्या पालक आईला मारले आणि तिचे बालपण हिरावून घेतले. मालिकेच्या प्रारंभीच्या भागांत हे येऊन गेले आहे. मत्स्यमानवांचा तिरस्कार करण्यास जर कोणाला कारण असेल तर ते तिला आहे. जिंबे तिच्यापुढे अर्लाँगला मोकळे सोडल्याचा आपला दोष मान्य करतो आणि मागचा सगळा वृत्तान्त सांगतो. तो ऐकून घेतल्यावरही ती आपला द्वेष अर्लाँगपुरताच ठेवते. क्षमाशीलतेचा हा नमुना आहे असे मला वाटत नाही. अर्लाँगला तिने काहीच माफ केलेले नाही. तिने कर्ता एकवचनी ठेवला आहे. हॉडीच्या वाक्यात 'माणसे' हा अनेकवचनी कर्ता आहे आणि क्रियापद नाही. नामीच्या वाक्यात कर्ता एक आहे आणि त्याची प्रत्येक क्रिया तिला ठाऊक आहे.

या प्रकरणानंतर प्रारंभीचे अर्लाँगचे भाग पुन्हा पाहणाऱ्याला ते पूर्वीसारखे दिसत नाहीत. त्याची क्रूरता तिळभरही कमी होत नाही. मात्र त्या क्रूरतेच्या पाठीशी एक खोटे विधान आहे, आणि ते त्याने स्वतःच घडवले आहे, हे आता आपल्याला माहीत असते. प्रकरणाच्या शेवटी जिंबे आपले रक्त लुफी या माणसाला देतो. सारांशात याची नोंद जखमी नायक वाचला एवढीच होईल. टायगरने काय नाकारले हे ज्याने पाहिले आहे त्यालाच या रक्तदानात कोणते वाक्य दुरुस्त होत आहे ते कळेल.

४

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. टायगर आणि ओतोहिमे दोघांचाही आग्रह द्वेष पुढे न देण्याचा होता. विस्मृतीशिवाय जगणे अशक्य आहे, इतिहासाचे ओझे एका मर्यादेपलीकडे जीवनाला मारक ठरते, हा नीत्शेने १८७४ च्या निबंधात मांडलेला विचार याच दिशेचा आहे. मग तपशिलात शिरून जुने दुःख पुन्हा पाहण्याचा आग्रह पीडितांच्या वंशजांवर अन्याय करणारा ठरत नाही काय?

या आक्षेपाचे दोन भाग करावे लागतील. पहिला भाग विसरण्याच्या हक्काविषयीचा. तो हक्क ज्याने सोसले त्याचा आहे यात शंका नाही. मात्र तो बजावण्याची सूचना ज्यांच्या पूर्वजांनी सोसायला लावले त्यांच्याकडून आली की तिच्याकडे संशयानेच पाहिले पाहिजे. पीडिताने समंजस व्हावे ही मागणी अनेकदा पीडकाच्या सोयीची असते, आणि ओदा यांचे हे प्रकरणही या सोयीच्या काठावरून जाते, हे त्याच्या चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही. दुसरा भाग मौनाच्या परिणामाविषयीचा आहे, आणि तेथे कथेचा पुरावा स्पष्ट आहे. विसरणे आणि न सांगणे यांत अंतर आहे. टायगरची गोष्ट बेटावर विसरली गेली नाही. ती सांगितली गेली नाही, एवढेच. नायक मेला हे सर्वांना कळले होते. कसा मेला ही जागा रिकामी होती, आणि ती अर्लाँगच्या वाक्याने भरली. उदात्त हेतूने पाळलेले मौन आणि कुटिल हेतूने सांगितलेले असत्य यांचा येथे अपेक्षेपेक्षा जवळचा संबंध दिसतो : पहिल्याने मोकळी केलेली जागा दुसऱ्याने घेतली.

५

मराठी वाक्यरचना कर्ता लपवण्याच्या कामी विशेष सोयीची आहे. 'गोळीबार झाला', 'पाच जण ठार झाले', 'प्रथा बंद पडली', ही वाक्ये कोणत्याही वृत्तपत्रात आणि पाठ्यपुस्तकात बिनबोभाट चालतात. 'होणे' आणि 'पडणे' या क्रियापदांनी पावसासारख्या गोष्टी जशा सांगता येतात तशाच माणसांच्या कृतीही सांगता येतात. डहाणू-तलासरीचा १९४५ चा इतिहास बहुतेकांपर्यंत अशाच वाक्यांतून पोहोचला आहे.

त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत वारल्यांना जमीनदारांची वेठ करावी लागे. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही त्याचे राबते गडी होत, आणि कर्ज फिटण्याचा संभव नसल्यामुळे ती गुलामी आयुष्यभराची असे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद झाली; २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारल्यांची सभा भरली आणि वेठ करायची नाही असा निर्धार तीत झाला. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. पाठोपाठ लग्नगडी मोकळे होऊ लागले. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीचा संप चालू असताना, १० ऑक्टोबरला, तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले.

'सशस्त्र जमावावर गोळीबार झाला' हा या घटनेचा सारांश आहे, आणि जमावाजवळ काठ्या-कोयत्यांसारखी हत्यारे होती एवढ्यापुरता तो खराही ठरेल. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० च्या ग्रंथातून कळते ते या वाक्याच्या आधीचे. गोदूताई तेथे येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांवर फिरवण्यात आला. त्यामुळे माणसे हातात मिळेल ते घेऊन जमली. दुसरीकडे सशस्त्र वारली चाल करून येत असल्याची खबर पोलिसांना देण्यात आली. या दोन्ही निरोपांमागे जमीनदारांचा हात होता, असे परुळेकर सांगतात. जमाव सशस्त्र का होता आणि तो तेथे का होता, या दोन प्रश्नांची उत्तरे गाळली की गोळीबार ही एक नैसर्गिक परिणती वाटू लागते. अर्लाँगच्या वाक्यात आणि या सारांशात एक रचनासाम्य आहे : परिणाम खरा, पण ज्याने तो घडवून आणला तो वाक्याबाहेर.

परुळेकरांचा ग्रंथ स्वतः निर्दोष पारायण आहे असे मानण्याचे कारण नाही. निवेदक वारली नाही. ती शहरातून आलेली, शिकलेली, एका पक्षाची कार्यकर्ती आहे, आणि घटनेनंतर पंचवीस वर्षांनी लिहीत आहे. ज्या बायकांनी लग्नगडीपण सोसले त्यांचे निवेदन आपल्यापर्यंत तिच्या मराठीतून येते. तरीही कर्त्याच्या प्रश्नाबाबत या ग्रंथाची सावधगिरी शीर्षकातच दिसते. 'जागा करणे' आणि 'जागा होणे' ही दोन क्रियापदे लेखिकेपुढे होती. पहिले निवडले असते तर कर्तेपण संघटनेकडे, म्हणजे पर्यायाने तिच्याकडे, गेले असते. तिने अकर्मक क्रियापद निवडले; जागा होणारा माणूसच त्या क्रियेचा कर्ता राहिला. वर ज्या अकर्मक रचनेला आपण कर्ता लपवण्याचे साधन म्हटले, तीच येथे कर्ता ज्याचा त्याला परत करते. तेव्हा दोष व्याकरणाच्या रूपात नसतो. ते रूप कोणाला झाकते आणि कोणाला उघडे करते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. १९७२ साली या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याची चर्चा मात्र बहुधा विषयाच्या अंगाने झाली. निवेदनाच्या अंगाने त्याचे वाचन करण्यास अजून पुष्कळ वाव आहे.

६

लग्नगडी हा शब्द ध्यानात ठेवून वारल्यांच्या लग्नचौकाकडे पाहिले तर सारांशाचे आणखी एक रूप उघड होते. लग्नघरात भिंत सारवून, गेरूचा हात देऊन, तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक काढतात. त्याच्या मधोमध पालघाट देवी असते. धवलेरी गाते, विधी चालवते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. मागच्या लग्नाचा चौक पुसट झालेला असला तरी त्याच्यावरून नुसता हात फिरवून भागत नाही; नव्या लग्नासाठी तो नव्याने काढावा लागतो. आकृती परंपरेने ठरलेली असली तरी प्रत्येक वेळी ती कोणीतरी, कोणासाठी तरी, सगळीच्या सगळी काढलेली असते. उजळणी आणि पारायण यांच्यामधले हे अंतर भिंतीवर प्रत्यक्ष पाहायला मिळते.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे कागदावर आणण्यास प्रोत्साहन दिले. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी, जे परंपरेने स्त्रियांचे काम होते ते हाती घेऊन, त्यात स्वतःची दृष्टी निर्माण केली. शेत, पाऊस, मासेमारीचे जाळे, मुंग्यांच्या रांगा हे सर्व त्यांच्या चित्रांत आले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु 'वारली चित्रकला जगभर पोहोचली' या वाक्याने जे सांगितले जाते ते पुन्हा कर्त्यावाचून सांगितले जाते. साडीच्या काठावर, कपबशीवर, स्थानकांच्या भिंतींवर तारप्याभोवती फेर धरणाऱ्या आकृत्या दिसतात. तो फेर हा वारली जगाचा सारांश झाला आहे. त्यात आनंद आहे, ताल आहे, समूह आहे. चौक काढणारी सुवासिनी त्यात नाही, पालघाट बहुधा नाही, आणि ज्या लग्नासाठी चौक काढला जाई त्याच लग्नाच्या कर्जाने नवरा-नवरी गहाण पडत, याची तर खूणही नाही. नक्षीने इतिहास सांगावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र ज्यांना या समाजाविषयी नक्षीपलीकडे काहीच माहीत नाही त्यांनी आपल्याला तो माहीत आहे असे समजू नये, एवढे म्हणणे रास्त आहे.

७

नव्या हंगामापूर्वी मागे वळण्याच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. सगळेच भाग पुन्हा पाहावेत असा आग्रह या विवेचनातून निष्पन्न होत नाही. लांबी ही समग्रतेची हमी नसते. मूळ प्रक्षेपणातले कितीतरी भाग वेळ भरून काढण्यासाठी ताणलेले असतात, हे अशा मालिकांच्या कोणत्याही प्रेक्षकाला ठाऊक आहे. आणि २१ भागांचे संपादित रूप मूळच्या सुमारे ५० भागांपेक्षा नेमके असू शकते. मधला काळ भरून काढणारे असे प्रक्षेपण व्यापारी सोयीचेही असते. सोयीच्या निमित्ताने मिळालेला अवकाश कसा वापरायचा हे अखेर प्रेक्षकाच्या हाती असते.

निकष असा ठेवता येईल : स्मरणात उरलेल्या कथेतली जी वाक्ये आपण बिनकर्त्याची बोलतो, त्या ठिकाणी परत जावे. अमुक मेला, अमुक बिनसले, अमुक वैर पेटले, असे आपण म्हणतो तेथे कोणी केले, कोणाचे केले, आणि करण्याआधी त्याला काय सांगण्यात आले होते, हे पुन्हा पाहावे. पुष्कळदा आपल्या स्मरणातले वाक्य बरोबर निघेल. कधी ते अर्लाँगचे निघेल, आणि ते आपण इतकी वर्षे आपले म्हणून वापरत होतो हे लक्षात येईल. आस्वादक येथे निव्वळ आस्वादक राहत नाही; तो साक्षीदाराच्या जबाबदारीने वागू लागतो. कल्पित कथेत या जबाबदारीचा सराव करता येतो, कारण तेथे चूक झाली तर कोणाचा जीव जात नाही. दीर्घ मालिकांकडे समीक्षेने गांभीर्याने पाहावे याचे मला वाटणारे हे एक सबळ कारण आहे, आणि ते त्यांच्या लोकप्रियतेवर अवलंबून नाही.

सरावाचा उपयोग मात्र कथेबाहेर आहे. तलासरीच्या परिसरात दरवर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. त्या स्मरणाच्याही उजळणी, सारांश आणि पारायण या तीन शक्यता आहेत. पाच नावे घेतली जाणे ही उजळणी झाली, आणि तीही आवश्यक आहे. गोळीबार झाला, लढा पुढे गेला, हा सारांश झाला. तिसरी शक्यता प्रत्यक्षात आणायची तर त्या दिवशी पाड्यांवर निरोप कोणी धाडला, पोलिसांना खबर कोणी दिली, गोळ्या कोणी झाडल्या, आणि गोदूताईंच्या जिवाला धोका आहे एवढे ऐकून घरातली माणसे कोणत्या विश्वासाने उठून निघाली, हे त्या क्रमाने सांगावे लागेल. ऐकणाऱ्या मुलाच्या मनात त्याने संताप उत्पन्न होईल, आणि तो व्हावाही. पण तो संताप कोणाच्या कोणत्या कृतीवर आहे हे त्या मुलाला सांगता येईल, आणि हॉडीसारखी निरुत्तर होण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.